सर आशुतोष मुखर्जी : संशोधनाला घर देणारे कुलगुरू

गोमंतकातील एका ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात बंगालमधील न्यायमूर्तींचे चरित्र कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आपल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींच्या आयुष्यात सापडते. बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पाहून आलेले धर्मानंद १९०६ साली कलकत्त्यात होते. त्यांच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती; होते ते पाली भाषेचे सखोल ज्ञान. तेवढ्या बळावर कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पाली शिकविण्यास बोलाविले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य देऊ केले आणि महाराष्ट्रात राहून काम करावे या इच्छेने धर्मानंदांनी कलकत्ता सोडले. हा भाग आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतो. पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठात उभे करण्याचे धैर्य ज्या कुलगुरूंनी दाखविले, त्यांची ओळख मात्र मराठी वाचकांस फारशी नाही.

आशुतोष मुखर्जी यांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यास झाला. वडील गंगाप्रसाद हे नामांकित वैद्यकीय व्यावसायिक होते. मुलाच्या शिक्षणाकडे त्यांचे बारीक लक्ष असे. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना, वयाच्या सतराव्या वर्षी, आशुतोषांनी युक्लिडच्या एका सिद्धान्ताची नवी सिद्धता लिहिली आणि ती १८८१ साली इंग्लंडमधील गणितविषयक नियतकालिकात छापून आली. १८८५ साली ते गणितात एम. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी भौतिक विज्ञानात. त्याच सुमारास त्यांना प्रेमचंद रायचंद विद्यावृत्ती मिळाली. ही विद्यावृत्ती मुंबईच्या ज्या कापूस-व्यापाऱ्याच्या देणगीतून चाले, त्याच्याच पैशातून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला आहे.

पुढील काही वर्षांत वक्ररेषांच्या विकलक समीकरणांवर त्यांनी लिहिलेले निबंध युरोपातील गणितज्ञांच्याही नजरेस आले. गणितात आयुष्य घालवावे, ही त्यांची उत्कट इच्छा होती. परंतु तसे करायचे कोठे? कलकत्ता विद्यापीठ १८५७ साली लंडनच्या धर्तीवर स्थापन झाले होते. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. स्वतः शिकवीत नसे, मग संशोधनाची गोष्टच दूर. शिक्षण खात्याने नोकरी देऊ केली, पण युरोपीय अध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा मिळणार नसेल तर ती नको, असे या तरुणाने स्पष्ट कळविले. कुलगुरू गुरुदास बॅनर्जी यांनी त्यांच्यासाठी संशोधनाचे अध्यासन निर्माण करण्याची खटपट केली, तीही पैशाअभावी फसली. अखेर आशुतोष वकिलीकडे वळले. वकिलीत त्यांना यश आले आणि १९०४ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांच्या पुढील साऱ्या खटाटोपाचे मूळ, आमच्या मते, या हुकलेल्या अध्यासनात आहे.

१९०४ सालीच कर्झनसाहेबांच्या कारकिर्दीतील विद्यापीठ कायदा संमत झाला. विद्यापीठांवर सरकारी पकड घट्ट करणारा कायदा म्हणून देशभर त्याचा निषेध झाला, आणि तो अनाठायी नव्हता. मात्र विद्यापीठाने स्वतः प्राध्यापक नेमावेत, प्रयोगशाळा व ग्रंथालये उभारावीत, अशी परवानगीही त्याच कायद्यात होती. इतरांना जेथे बेडी दिसली, तेथे आशुतोषांना दरवाजाही दिसला. १९०६ साली ते कुलगुरू झाले आणि सलग आठ वर्षे त्या पदावर राहिले. पद बिनपगारी होते. दिवसभर न्यायालय आणि सायंकाळी विद्यापीठ, असा त्यांचा क्रम असे. भरदार मिशा, धिप्पाड देह आणि दबदबा यांमुळे लोक त्यांना बंगालचा वाघ म्हणत. १९०८ साली त्यांनी आपल्या बालविधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला. त्यासाठी केवढा रोष पत्करावा लागला असेल, हे अण्णासाहेब कर्व्यांचे चरित्र वाचलेल्यांस सांगावयास नको.

सरकारकडून पुरेसा पैसा मिळत नव्हता, म्हणून त्यांनी आपल्याच व्यवसायातील धनिकांना साकडे घातले. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ साली जमीन आणि रोकड मिळून सुमारे १५ लाखांचे दान दिले; पुढच्या वर्षी रासबिहारी घोष यांनी १० लाख दिले. दोघांचीही अट अशी की, या पैशातून नेमले जाणारे प्राध्यापक भारतीयच असले पाहिजेत. २७ मार्च १९१४ रोजी विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली. त्याच वर्षी जानेवारीत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षही आशुतोषच होते.

इमारतींपेक्षा माणसे निवडणे कठीण, आणि आशुतोषांचे खरे कसब त्यातच होते. रसायनासाठी प्रफुल्लचंद्र राय आले. भौतिकीच्या अध्यासनासाठी त्यांची दृष्टी सरकारी अर्थखात्यात हिशेब तपासणाऱ्या एका तरुण मद्रासी अधिकाऱ्यावर गेली. कचेरी सुटल्यावर तो बहूबाजारातील एका विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत बसे. चंद्रशेखर वेंकट रामन हे त्याचे नाव. या अध्यासनासाठी परदेशी जाऊन शिकून यावे, अशी अट होती. रामन ती मान्य करीनात. आशुतोषांनी अट शिथिल करून घेतली, आणि १९१७ साली रामन भरघोस पगाराची सरकारी नोकरी सोडून कमी वेतनावर प्राध्यापक झाले.

वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून निवड झाली ती मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांची. (सुधारककार आगरकर ते वेगळे.) मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकविणाऱ्या आघारकरांना सह्याद्रीत गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला होता आणि त्याची चर्चा शास्त्रीय जगात झाली होती. अधिक अध्ययनासाठी ते जर्मनीस गेले आणि महायुद्ध सुरू झाल्याने तेथेच अडकले. शत्रुराष्ट्रात सापडलेल्या प्राध्यापकाची जागा विद्यापीठाने राखून ठेवली. बर्लिनची डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १९४६ पर्यंत कलकत्त्यास राहिले. प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर १९१७ पासून आणखी एक मराठी विद्वान होते : रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त. तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर १९२१ साली म्हैसूरहून राधाकृष्णन आले. बंगालच्या विद्यापीठात बंगाल्यांनाच स्थान असावे, असे आशुतोषांच्या मनात कधी आलेले दिसत नाही.

मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे एम. एस्सी. होऊन नुकतेच बाहेर पडलेले दोन तरुण प्रथम गणित विभागात नेमले गेले. तेथील ज्येष्ठ प्राध्यापकांशी त्यांचे पटेना, तेव्हा त्यांना भौतिकीत हलविण्यात आले. शिकवायचे तर स्वतः आधी शिकायला हवे, आणि नवे भौतिकशास्त्र होते जर्मन भाषेत. महायुद्धामुळे पुस्तकेही येत नव्हती. दोघांनी जर्मन आत्मसात केली, ब्रूल नावाच्या एका जर्मन अध्यापकाकडून ग्रंथ मागून आणले आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतावरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले. कलकत्ता विद्यापीठानेच ते १९२० साली प्रसिद्ध केले. साहांचा डॉक्टरेटचा प्रबंध विद्यापीठाने इंग्लंडमधील शास्त्रज्ञांकडे परीक्षणासाठी धाडला. घरच्यांनी घरच्यांची पाठ थोपटून विद्यापीठ मोठे होत नसते, हे आशुतोष जाणून होते. बाहेरच्या तज्ज्ञांकडून कसोटी, विद्यापीठाची स्वतःची संशोधनपत्रिका आणि परदेशी पंडितांची व्याख्याने यांवर त्यांचा भर होता. १९१९ साली देशी भाषांना त्यांनी एम. ए.चे दार उघडले, हेही विसरता येत नाही.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे योग्य नव्हे. पदव्युत्तर विभागाचा खर्च मोठ्या प्रमाणावर परीक्षा-शुल्कातून भागे. विद्यार्थी जितके अधिक, तितके शुल्क अधिक. मॅट्रिकला उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण इतके वाढले की, वर संशोधनाचा कळस चढविण्यासाठी खाली पाया सैल केला जात आहे, असा आरोप होऊ लागला. तो करणाऱ्यांत शिवचरित्रामुळे आपल्या परिचयाचे असलेले यदुनाथ सरकार होते, मॉडर्न रिव्ह्यूचे संपादक रामानंद चटर्जीही होते. नेमणुकांत आवडनिवड चालते, सारी सत्ता एका हाती एकवटली आहे, असेही म्हटले जाई. ही मंडळी विद्येची शत्रू नव्हती. त्यांच्या आक्षेपात तथ्य होते, असेच आम्हांस वाटते. पण शुल्काचा तो ओघ नसता तर साहा आणि बोस यांचे पगार कोठून निघाले असते, याचे उत्तर टीकाकारांपाशीही नव्हते.

हा प्रश्न १९२२ साली टोकाला गेला. आशुतोष दुसऱ्यांदा कुलगुरू झाले होते, विद्यापीठ कर्जात होते, अध्यापकांचे पगार थकले होते. बंगाल सरकारने अडीच लाखांचे अनुदान देऊ केले, पण हिशेब व कारभार यांवर नियंत्रणाच्या अटी घालून. आशुतोषांनी सीनेटपुढे घणाघाती भाषण करून ते नाकारावयास लावले. पुढच्या वर्षी कुलपती लॉर्ड लिटन यांनी, सरकारला विरोध करणार नाही अशा हमीवर, कुलगुरुपद पुन्हा देऊ केले. त्याचे उत्तर इतके जळजळीत होते की पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. स्वाभिमानाची ही कहाणी बंगालमध्ये अजून अभिमानाने सांगितली जाते. त्या महिन्यांत पगारावाचून घर चालविणाऱ्या अध्यापकांची आठवण मात्र क्वचितच निघते.

न्यायालयातून निवृत्त झाल्यावर आशुतोष पुन्हा वकिलीस लागले. एका मोठ्या खटल्यासाठी पाटण्यास गेले असता २५ मे १९२४ रोजी, साठ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचा तेथे अंत झाला. सत्येंद्रनाथांचा जगप्रसिद्ध निबंध त्याच वर्षी प्रकाशित झाला. रामन यांचा शोध १९२८ चा, नोबेल पारितोषिक १९३० चे. आशुतोषांना यांतले काहीच पाहता आले नाही. आघारकरांनी निवृत्तीनंतर पुण्यास येऊन १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली; १९९२ पासून ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

भवानीपूरच्या घरात आशुतोषांनी जन्मभर जमविलेले सुमारे ८०,००० ग्रंथ होते. गणित, कायदा, इतिहास, बौद्ध वाङ्मय, काहीच त्यांना वर्ज्य नव्हते. त्यांच्या मागे कुटुंबीयांनी हा सारा संग्रह राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. आजच्या कोलकात्यात, अलीपूरच्या बेल्व्हेडियर परिसरात, तो त्यांच्या नावाने स्वतंत्र ठेवलेला आहे.