माफी नाकारणारा आरोपी

न्यायासनासमोर उभ्या केलेल्या माणसाजवळ बहुधा एकच बळ उरलेले असते. आपल्यावरील आरोप सरकारला चारचौघांत सिद्ध करावयास लावणे, हे ते बळ होय. लोकमान्य टिळकांनी ते सोडले नाही आणि त्याची किंमत तुरुंगवासाने मोजली.

१८५६ साली रत्नागिरीस जन्मलेल्या टिळकांनी कायद्याची पदवी घेतली. परंतु वकिली न करता शिक्षण व वृत्तपत्र हे मार्ग पत्करले. १८९७ साली पुण्यात प्लेग उद्भवला. घरझडत्यांच्या जाचाने लोक संतापले आणि २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या खुनाचा आरोप टिळकांवर ठेवता येईना. तेव्हा १५ जूनच्या 'केसरी'तील शिवउत्सवविषयक मजकुराबद्दल सरकारने राजद्रोहाचा खटला भरला.

माफी मागून मोकळे व्हावे, असे कलकत्त्याच्या स्नेह्यांनी सुचविले. सल्ला आपुलकीचा होता, तरी टिळकांनी तो मानला नाही. जो अपराध केला नाही त्याची कबुली द्यावयाची कशी? शिवाय भयाने एकदा मान तुकविली की लोकांत उभे राहण्याचा अधिकार संपला, हे ते जाणून होते. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियनांनी त्यांस दोषी ठरविले, तिघा हिंदी ज्यूररनी निर्दोष. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पण खटला चालला म्हणूनच, राज्यकर्त्यांविषयी प्रेम नसणे हाही राजद्रोह, असा न्या. स्ट्रेची यांनी लावलेला अर्थ जगापुढे उघडा पडला. माफीच्या कागदाने तो झाकूनच राहिला असता.

१८९८ च्या सप्टेंबरात ते काही अटींवर मुदतीपूर्वी सुटले, याकडे कोणी बोट दाखवील. त्या अटी पुढील वर्तनाच्या होत्या. त्यांत अपराधाची कबुली नव्हती. हा भेद लहान नव्हे. १९०८ साली पुन्हा तोच आरोप आला. टिळकांनी स्वतःच अनेक दिवस बचावाचे भाषण केले, सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरले आणि सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेस गेले.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या काही गुन्ह्यांत कबुली देऊन सौम्य शिक्षा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात २००६ पासून आहे. किरकोळ प्रकरणांत ती उपकारकही ठरेल. परंतु ज्या देशातील तुरुंगांत चारांपैकी सुमारे तीन बंदी कच्चे कैदी आहेत, तेथे खटल्याची वाट पाहून थकलेल्या गरिबाची कबुली सत्याचीच असेल, याची हमी कोण देणार? त्याच्या पाठीशी ना 'केसरी', ना बॅरिस्टर. टिळकांचे धैर्य त्याच्याकडून मागण्याचा आम्हांस अधिकार नाही. ते धैर्य नसतानाही त्यास निर्दोष सुटता यावे, इतका त्वरित न्याय देणे, हे स्वराज्याचे कर्तव्य होय.