विश्लेषण : गरोदर महिलेच्या एचआयव्ही तपासणीशी र. धों. कर्वे यांचा काय संबंध?

सप्तशृंगगडाच्या पायथ्याच्या वणीत किंवा राज्यातल्या कुठल्याही गावात गरोदर महिलेने सरकारी दवाखान्यात नाव नोंदवले, की पहिल्याच रक्त तपासण्यांत एचआयव्ही आणि सिफिलिस म्हणजे उपदंश यांचीही तपासणी होते. दोन्ही आजार आईकडून बाळाला होऊ शकतात. अनेकदा ते नवऱ्याकडून तिच्यापर्यंत आलेले असतात आणि घरात त्यांचे नाव काढायचीही चोरी असते. ही चोरी मोडण्यासाठी मराठीत ज्यांनी आयुष्य घालवले, ते रघुनाथ धोंडो कर्वे.

गणिताचे प्राध्यापक या वाटेला कसे गेले?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२, मुरुड. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे मॅट्रिकला पहिले आले, मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवू लागले, १९१९ मध्ये पॅरिसला जाऊन आले. १९२१ मध्ये त्यांनी पत्नी मालतीबाईंच्या साथीने मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले तेही याच वर्षी. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावर त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिले. तेव्हा उपदंशावर पेनिसिलिन नव्हते; ते १९४० च्या दशकात आले. त्यामुळे रोग होऊच न देणे, हाच खरा इलाज.

महाविद्यालयाला हा प्रचार खपला नाही. नोकरी आणि प्रचार यांतले एक निवडायची वेळ आली तेव्हा कर्व्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली.

‘समाजस्वास्थ्य’वर खटले का झाले?

जुलै १९२७ मध्ये त्यांनी हे मासिक काढले आणि मरेपर्यंत, म्हणजे २६ वर्षे चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क, सगळे त्यात उघडपणे येई. अश्लीलतेच्या आरोपाखाली १९३१ आणि १९३४ मध्ये खटले झाले. दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी निकाल विरुद्ध गेला, दंड भरावा लागला. कर्व्यांची भाषा बोचरी होती, धर्मावरची टीका तर अनेकांना झोंबे; वर्गणीदार त्यामुळे वाढले नसणार. मासिक मात्र बंद पडले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. एड्सची ओळख जगाला १९८१ मध्ये झाली, भारतात पहिली लागण १९८६ मध्ये आढळली.

आज गरोदर महिलेला काय माहीत हवे?

तपासणी लवकर, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत करावी. एचआयव्ही आढळला म्हणजे बाळालाही होणारच, असे नाही. उपचार न घेतल्यास ही शक्यता १५ ते ४५ टक्के असते. औषधे वेळेवर आणि रोज घेतली तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. ही एआरटी औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि बाळंतपणानंतरही कायम घ्यायची असतात. प्रसूती दवाखान्यातच व्हावी. बाळाला जन्मल्यावर प्रतिबंधक औषध देतात, सहा आठवड्यांनी त्याची पहिली तपासणी होते आणि अंतिम निदान साधारण १८ महिन्यांनी. अंगावर पाजायचे की नाही, हे शेजारणीला न विचारता समुपदेशकाला विचारावे. उपदंश निघाला तर पेनिसिलिनची इंजेक्शने आहेत.

कर्वे ज्या मुद्द्यावर अडून बसले असते, तो नवऱ्याच्या तपासणीचा. तपासणीच्या दिवशी बाईचा अहवाल निर्दोष असला, तरी नवऱ्याला लागण असेल तर गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात ती तिला होऊ शकते, आणि अशा ताज्या लागणीत बाळाला धोका जास्त असतो. म्हणून दोघांनीही तपासून घ्यावे. गरज पडल्यास निरोध वापरावा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तपासणीला संमती लागते आणि अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. कुणाला विचारायचा संकोच वाटत असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.