सुईदोऱ्याने वाचवलेले पाय

आपले सोलापूर सुताचे गाव. तुटलेला धागा बेमालूम जोडणारे हात आपल्याकडे घरोघरी होते आणि आजही आहेत. तुटलेली रक्तवाहिनी तशीच जोडायला ज्यांनी जगातल्या डॉक्टरांना शिकवले, त्या डॉ. अलेक्सी कारेल यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

कारेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी फ्रान्समधील ल्यों शहराजवळ एका कॅथलिक कुटुंबात झाला. ते वैद्यकीय शिक्षण घेत असताना, जून १८९४ मध्ये, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्योंमध्येच सुरीहल्ला झाला. पोटातील मोठी रक्तवाहिनी फाटली. नावाजलेले सर्जन हजर होते, पण ती शिवण्याची खात्रीची रीत कोणालाच ठाऊक नव्हती. काही तासांतच राष्ट्राध्यक्ष मरण पावले. तरुण कारेल यांना ही गोष्ट लागून राहिली.

मग ते चक्क एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकायला गेले. बारीक सुई, रेशमी दोरा आणि हलका हात यांचा त्यांनी ध्यास घेतला. रक्तवाहिनीच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ते ताणले, की त्याचा त्रिकोण होतो आणि कडा सरळ शिवता येतात. ही युक्ती त्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच कामासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९०२ मध्येच ते आजारी यात्रेकरूंबरोबर लूर्ड्सला गेले होते. तेव्हा त्यांची श्रद्धा मावळली होती. मरणाच्या दारातील एक क्षयरोगी तरुणी त्यांच्या डोळ्यांदेखत बरी झाली. चर्चने तो अधिकृत चमत्कार म्हणून जाहीर केला नाही. पण पाहिले ते कारेल यांनी लपवले नाही आणि त्यापायी टीका सोसली. १९०४ मध्ये त्यांनी देश सोडून अमेरिका खंड गाठला.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला परतले. जखमा सडत आणि सैनिकांचे हातपाय कापावे लागत. रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन यांच्यासह त्यांनी जखमा जंतुनाशक द्रावणाने सतत धुण्याची पद्धत बसवली. त्यामुळे अनेकांचे अवयव वाचले.

त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३५ च्या पुस्तकात त्यांनी गुन्हेगार व मनोरुग्णांविषयी क्रूर विचार मांडले. मनुष्यजीवन पवित्र मानणाऱ्या आपल्या श्रद्धेला ते मान्य होणे शक्य नाही. ल्योंच्या वैद्यकीय विद्याशाखेला दिलेले त्यांचे नाव १९९६ मध्ये काढून टाकण्यात आले. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅरिसमध्ये, अखेरचे संस्कार घेऊन, ते वारले. त्यांची विद्या मात्र मागे उरली. १९४८ मध्ये पॅरिसमध्येच डॉ. जाँ कुन्लिन यांनी रुग्णाच्याच शरीरातील शीर जोडून पायातील बंद रक्तवाहिनीला नवी वाट करून दिली. आज आपण तिला बायपास म्हणतो.

पण डॉक्टरकडे वेळेवर गेलो, तरच या विद्येचा उपयोग. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. बिडी आपल्या हजारो भगिनींना रोजगार देते, पण ओढणाऱ्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या भर तारुण्यातही बंद करू शकते. चालताना पोटरी भरून येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे, पाऊल थंड पडणे, रात्री बोटे ठणकणे, जखम न भरणे, बोट काळे पडणे या खुणा ओळखा. हळद, चुना, शेक यांत दिवस घालवू नका. पाय एकाएकी थंड, पांढरा व बधिर झाला, तर तासाभराचाही उशीर नको. थेट हॉस्पिटल गाठा.

पवित्र गुरुवारी आपण पाय धुण्याचा विधी भक्तिभावाने पाहतो. आज घरी गेल्यावर आजीआजोबांची पावले, टाचा आणि बोटांमधल्या बेचक्या नीट पाहू या. तीही सेवाच आहे.