फ्रीडा फ्रॉम-राइखमान: औषधांच्या आधीची डॉक्टर

१९३५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनजवळच्या रॉकव्हिल गावी, चेस्टनट लॉज नावाच्या छोट्या खासगी मनोरुग्णालयात एक जर्मन डॉक्टर रुजू झाल्या. नेमणूक दोनच महिन्यांची होती. वय पंचेचाळीस, उंची पाच फुटांहूनही कमी, आणि ज्या भाषेत रुग्णांशी बोलायचे ती इंग्रजी परकी. त्या दोन महिन्यांची बावीस वर्षे झाली. रुग्णालयाने आवारातच त्यांना घर बांधून दिले, आणि १९५७ मध्ये त्या वारल्या त्या त्याच घरात.

त्यांचे नाव फ्रीडा फ्रॉम-राइखमान. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात, जिथे माणसाला कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर विषप्रयोग करत आहेत अशी पक्की खात्री वाटते, तिथे नुसत्या बोलण्याने उपचार होऊ शकतो, असे त्या म्हणत आणि करून पाहत. हा प्रश्न आजही नातेवाईक डॉक्टरांना विचारतात: गोळ्याच द्यायच्या का, समुपदेशनाने बरे नाही का होणार? त्याचे उत्तर शोधताना फ्रीडांना वगळून चालत नाही.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८९ रोजी कार्ल्सरूए येथे एका धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात झाला. तीन बहिणींत त्या थोरल्या. प्रशियातील विद्यापीठांनी मुलींना रीतसर प्रवेश द्यायला सुरुवात केली ती १९०८ मध्ये, आणि पहिल्या काही मुलींबरोबरच फ्रीडा क्योनिग्सबर्गला वैद्यकशास्त्र शिकायला दाखल झाल्या. पुढे पहिले महायुद्ध आले. डोक्यात गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा शिरलेले सैनिक त्यांच्याकडे उपचाराला येत. कोणाची वाचा गेलेली, कोणाला साधे शब्द आठवत नसत, कोणी अचानक घाबरून थरथरू लागे. समोरचा माणूस बोलू शकत नाही म्हणजे त्याला सांगण्यासारखे काही नाही असे नव्हे, हा धडा त्यांना तिथे मिळाला. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे केले त्याचे मूळ मनोविश्लेषणाच्या ग्रंथांपेक्षा या वॉर्डांत अधिक असावे.

मनोविश्लेषणाचे शिक्षण त्यांनी नंतर बर्लिनमध्ये घेतले. १९२४ मध्ये हायडेलबर्गला स्वतःचे उपचारकेंद्र काढले. तिथे त्यांच्याकडे उपचाराला आलेला, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला एक तरुण म्हणजे पुढे ‘द आर्ट ऑफ लव्हिंग’ लिहिणारा एरिक फ्रॉम. १९२६ मध्ये दोघांनी लग्न केले. रुग्णाशी लग्न हा आज वैद्यकीय नीतीचा सरळसरळ भंग ठरेल. त्या काळी नियमच ठरायचे होते. संसार फार टिकला नाही, पण मैत्री टिकली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा ज्यू असलेल्या फ्रीडा सीमा ओलांडून फ्रान्समधील स्ट्रासबर्गला गेल्या, तिथून पॅलेस्टाइनला आणि मग अमेरिकेला.

त्या आल्या तेव्हा स्किझोफ्रेनियावर औषध नव्हते. इन्सुलिन टोचून रुग्णाला बेशुद्ध करण्याची पद्धत १९३३ मध्ये निघाली होती, औषधाने झटके आणण्याची १९३४ मध्ये. १९३६ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनमध्येच वॉल्टर फ्रीमन आणि जेम्स वॉट्स यांनी अमेरिकेतील पहिली लोबोटॉमी केली, म्हणजे कवटीला भोके पाडून मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू कापले. रॉकव्हिल तिथून हाकेच्या अंतरावर. मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत हजारो माणसे कुलपाआड आयुष्य काढत होती. दुसरीकडे, बोलण्याने उपचार करण्याची विद्या ज्याने उभी केली त्या फ्रॉइडचेच मत होते की या रुग्णांचे डॉक्टरशी भावनिक नाते जुळत नाही, म्हणून मनोविश्लेषण इथे चालणार नाही.

फ्रीडांना हे पटले नव्हते. नाते जुळत नाही असे नाही, ते जुळण्याची रुग्णाला भीती वाटते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी पद्धत बदलली. कोच काढून टाकला. रुग्ण जिथे निश्चिंत असेल तिथे बसायचे: खोलीत, बागेत, कधी जमिनीवर. आठवड्यातून चार-पाच वेळा, एकेक तास, आणि हे कित्येक वर्षे. रुग्ण गप्प असेल तर आपणही गप्प बसायचे, पण वेळ पाळायची. त्याच्या भ्रमाला मान डोलवायची नाही, आणि तो खोटा आहे म्हणून वादही घालायचा नाही. तुम्हाला तसे वाटते हे कळले, मला तसे दिसत नाही, इतके सांगून पुढे जायचे. समजले नाही तर समजले नाही असे कबूल करायचे. हे शेवटचे वाटते तितके सोपे नाही. असंबद्ध बोलणाऱ्या रुग्णापुढे समजल्यासारखे करणे ही डॉक्टरांची जुनी सवय आहे, आणि रुग्णाला ती लगेच कळते. १९५० मध्ये त्यांनी या सगळ्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावर पुढची पिढी शिकली.

१९४८ मध्ये सोळा वर्षांची एक मुलगी चेस्टनट लॉजमध्ये दाखल झाली. तिने मनात एक स्वतंत्र राज्य उभे केले होते, त्याची भाषा होती, देव होते, आणि ते तिला शिक्षा करत. फ्रीडांनी तिच्यावर काही वर्षे उपचार केले. ती बरी झाली, महाविद्यालयात गेली, लग्न केले, मुले झाली आणि लेखिका झाली. जोआन ग्रीनबर्ग हे तिचे नाव. १९६४ मध्ये तिने टोपणनावाने लिहिलेली ‘आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन’ ही कादंबरी जगभर वाचली गेली. त्यातल्या डॉ. फ्रीड म्हणजे फ्रीडाच. हे पुस्तक यायच्या सात वर्षे आधी त्या गेल्या होत्या.

ही कहाणी खरी आहे. पण एका रुग्णाच्या बरे होण्यावरून उपचाराची किंमत ठरत नाही. स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण कोणत्याही विशेष उपचाराविना सावरतात, हे औषधांच्या आधीपासून माहीत आहे. शिवाय ग्रीनबर्ग यांचा आजार स्किझोफ्रेनिया नव्हताच, असे काही मानसोपचारतज्ज्ञांनी नंतर लिहिले. आणि चेस्टनट लॉज हे पैसेवाल्यांचे रुग्णालय होते. एका डॉक्टरच्या वाट्याला मोजके रुग्ण, प्रत्येकाला आठवड्याला चार-पाच तास. हे गणित सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात कधीच बसणार नाही.

दरम्यान पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले गेले आणि १९५४ मध्ये ते अमेरिकेत आले. वर्षानुवर्षे आरडाओरडा करणारे रुग्ण काही आठवड्यांत शांत होऊन बोलू लागले. आता खरी तुलना करता येणार होती. कॅलिफोर्नियातील कॅमारियो सरकारी रुग्णालयात फिलिप मे यांनी २२८ रुग्णांना पाच प्रकारच्या उपचारांत विभागले आणि १९६८ मध्ये निष्कर्ष मांडले. औषध घेणारे स्पष्टपणे सरस ठरले. नुसती बोलण्याची थेरपी मिळालेल्यांची स्थिती, कोणताही खास उपचार न मिळालेल्यांसारखीच होती. थेरपी देणारे डॉक्टर फारसे अनुभवी नव्हते, असा आक्षेप घेतला गेला आणि तो रास्तही होता. पण १९८४ मध्ये खुद्द चेस्टनट लॉजच्या जुन्या रुग्णांचा थॉमस मॅकग्लॅशन यांनी केलेला पाठपुरावा आला, आणि तिथे अनुभवाची कमतरता नव्हती. सरासरी पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा स्किझोफ्रेनियाच्या सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांची अवस्था बिकटच होती. हा निकाल पाहायला फ्रीडा हयात नव्हत्या.

त्यांच्या हातून याहून मोठे नुकसान एका शब्दाने झाले. १९४८ च्या एका लेखात त्यांनी स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई, अशा अर्थाचा शब्द वापरला. थंड, वरचढ, मुलाला झिडकारणारी आई आजाराला कारणीभूत असते, असा तो विचार. लेखात तो ओझरता आला होता, पण उचलला सगळ्यांनी. आईच्या माथी खापर फोडायला कोणत्याच समाजाला फार पुरावा लागत नाही. पुढची दोन-तीन दशके मुलाच्या आजाराने आधीच खचलेल्या बायका डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसत राहिल्या. आईच्या वागण्याने हा आजार होतो याला कधीही आधार मिळाला नाही.

शेवटच्या वर्षांत फ्रीडांना ऐकू येईनासे झाले. बहिरेपण त्यांच्या घराण्यातच होते. ऐकणे हाच ज्यांचा धंदा, त्यांच्यावर ही वेळ आली. १९५५-५६ मध्ये कॅलिफोर्नियात संशोधनासाठी गेल्या असताना त्या शब्दांविना होणारा संवाद, चेहरा, हातवारे, बसण्याची ढब, यांचा अभ्यास करत होत्या. एकटेपणावरचा त्यांचा लेख मृत्यूनंतर १९५९ मध्ये छापला गेला. खरे एकटेपण इतके भयंकर असते की माणूस ते सांगूही शकत नाही, आणि मनोविकाराच्या मुळाशी ते असू शकते, असे त्यात मांडले आहे. २८ एप्रिल १९५७ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. चेस्टनट लॉज २००१ मध्ये बंद पडले, मुख्य इमारत २००९ मध्ये जळाली. फ्रीडांचे घर मात्र उभे आहे.

मग बोलण्याचा उपचार संपला का? तसे झाले नाही. त्याचे रूप बदलले. १९५२ मध्ये आरन बेक या तरुण डॉक्टरने, आपल्यावर पाळत आहे असे वाटणाऱ्या एका रुग्णावर संवादाने केलेल्या उपचाराची हकिकत छापली होती. नव्वदीच्या दशकात ब्रिटनमध्ये त्याच वाटेने पद्धतशीर प्रयोग सुरू झाले. यात बालपण उकरले जात नाही. आवाज कधी येतो, तेव्हा तुम्ही काय करत असता, तो सांगतो ते न ऐकल्यास खरेच काही होते का, हे रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून तपासतात. आवाज बंद होईलच असे नाही, पण त्याची दहशत कमी होऊ शकते. औषधांच्या जोडीने दिल्यास फायदा होतो. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर तो लहान दिसतो, आणि कोणाला कोणता उपचार मिळाला हे परीक्षकापासून लपवले असेल तर आणखी लहान. तरीही ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वे अशा किमान १६ बैठका द्यायला सांगतात. औषध बंद करून त्याऐवजी हा उपचार घ्यावा, असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही.

याहून भक्कम पुरावा आहे तो कुटुंबासोबतच्या बैठकांचा. लंडनमधील संशोधकांना आढळले की ज्या घरी सतत टीका, टोमणे आणि अति काळजी असते तिथे बरा होऊन परतलेला रुग्ण पुन्हा लवकर आजारी पडतो. आजार घरामुळे होतो असे यात कोणी म्हणत नाही; झालेला आजार उलटणे घर कमी करू शकते, एवढेच. ऐंशीच्या दशकात चंडीगड परिसरातील कुटुंबांचा असाच अभ्यास झाला, तेव्हा तिथे टीकेचे प्रमाण लंडनपेक्षा कमी निघाले. कुटुंबासाठी किमान दहा बैठका, तीन महिने ते वर्षभरात, शक्यतो रुग्णालाही सोबत घेऊन, अशी आजची शिफारस आहे. आजार म्हणजे काय, गोळ्या का चालू ठेवायच्या, पुन्हा उलटण्याची पहिली चिन्हे कोणती आणि घरात आवाज न चढवता बोलायचे कसे, हे त्यात आई-वडिलांना शिकवले जाते.