प्रकाशाचा चित्रकार : टर्नर

निसर्ग आणि सागर यांचे थोर ब्रिटिश चित्रकार जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर यांचा जन्म १७७५ साली लंडनमध्ये झाला. केशकर्तनकार असलेले वडील मुलाची चित्रे दुकानात विक्रीस मांडत. चौदाव्या वर्षी टर्नर यांना रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत प्रवेश मिळाला. १८०२ मध्ये ते त्या संस्थेचे पूर्ण सदस्य झाले.

पुढे त्यांच्या चित्रांतील आकार पुसट होत गेले. धुके, लाटा व प्रकाश हेच चित्रविषय बनले. हिमवादळात सापडलेल्या आगबोटीच्या त्यांच्या चित्राची १८४२ मध्ये टीकाकारांनी टर उडवली. परंतु टर्नर आपल्या वाटेवरून ढळले नाहीत.

१८५१ मध्ये त्यांचे निधन झाले. आपली चित्रे त्यांनी राष्ट्राला अर्पण केली होती. एकेकाळी थट्टेचा विषय झालेले ते हिमवादळ आज ब्रिटनच्या राष्ट्रीय कलासंग्रहात सन्मानाने जतन केलेले आहे.