विश्लेषण : बर्फाच्या पाण्यात उतरलेला शास्त्रज्ञ! हाल्डेन यांच्या प्रयोगांतून आजच्या स्कूबा डायव्हरने काय शिकावे?

कांजूरमार्ग, पवई परिसरातून सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाणाऱ्यांच्या यादीत आता स्कूबा डायव्हिंगही असते. तिथले पाणी कोमट असते. मात्र हौस वाढली की काही जण परदेशातील थंड समुद्रात, तलावांतही उतरतात. तिथे थंडी जिवावर बेतू शकते. हा धोका स्वतःच्या शरीरावर तपासणाऱ्यांत जे. बी. एस. हाल्डेन हे मोठे नाव.

कोण होते हाल्डेन?

ऑक्सफर्डमध्ये १८९२ मध्ये जन्मलेले हाल्डेन जनुकशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाले. पाणबुड्याने खोलातून टप्प्याटप्प्याने वर यावे, हे सांगणारी कोष्टके त्यांचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन यांनी सहकाऱ्यांसह १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी वडिलांच्या प्रयोगांदरम्यान १३ वर्षांचा हा मुलगा स्कॉटलंडच्या समुद्रात उतरला होता. मोठ्या माणसाचा सूट त्याला ढगळ झाला, मनगटापाशी पाणी शिरले आणि तो कुडकुडतच वर आला.

बर्फात बसण्याची वेळ का आली?

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात ब्रिटनची ‘थेटिस’ ही पाणबुडी चाचणीवेळी बुडाली. ९९ जण दगावले, केवळ चौघे वाचले. मृतांमध्ये कामगारही होते. कामगार संघटनेच्या वतीने हाल्डेन यांनी कारणांचा शोध घेतला. पाणबुडीतून निसटणाऱ्या माणसावर कार्बन डायऑक्साइड, पाण्याचा दाब आणि थंडी एकाच वेळी घाला घालतात. म्हणून एका प्रयोगात ते वितळत्या बर्फात ३५ मिनिटे राहिले. श्वासात साडेसहा टक्के कार्बन डायऑक्साइड आणि शेवटी १० वातावरणांचा, म्हणजे सुमारे ९० मीटर खोलीइतका दाब! ते बेशुद्ध पडले. दुसऱ्या एका प्रयोगात ऑक्सिजनमुळे आलेल्या झटक्यांनी त्यांच्या मणक्याला इजा झाली.

थंडी इतकी घातक का?

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता खेचते. कुडकुडल्याने श्वास वाढतो, टाकीतील हवा लवकर संपते. बोटे बधिर झाली की बकल, झडप हाताळता येत नाही आणि निर्णय चुकतात. वर येताना शरीर गारठलेले असेल, तर रक्तप्रवाह मंदावून ऊतींत विरघळलेला नायट्रोजन हळू बाहेर पडतो. त्यामुळे ‘बेंड्स’चा धोका वाढतो.

भारताशी नाते काय?

हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. शरीर प्रयोगासाठी वापरण्याचा शिरस्ता मृत्यूनंतरही सुटला नाही.

आज कोणती काळजी घ्यावी?

सूट अंगाला घट्ट बसणारा हवा. ढगळ वेटसूटमध्ये गार पाणी सतत आत-बाहेर होते आणि ऊब टिकत नाही. निओप्रिनमधील हवेचे बुडबुडे खोलात दबतात, त्यामुळे तिथे सूटची ऊब कमी होते. अतिथंड पाण्यात ड्रायसूट आणि आत उबदार कपडे लागतात, पण त्याचे प्रशिक्षण आधी घ्यावे. डोक्याला हूड, हातांना मोजे हवेत. डायव्हिंगच्या आधी वा नंतर ऊब येण्यासाठी मद्य घेऊ नये. त्याने उष्णता उलट लवकर जाते. अंगात कंप सुरू झाला, की जोडीदाराला खूण करून सावकाश वर येणेच शहाणपणाचे.