मुक्कामाचा दिवस

उत्तर इटलीत गार्डा नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठी, डोंगर आणि पाणी यांमधील चिंचोळ्या पट्टीत, लिमोने हे लहानसे गाव वसले आहे. लिंबांच्या बागांसाठी ते प्रसिद्ध होते. लुईजी कोंबोनी तेथे माळीकाम करीत. त्यांना व त्यांची पत्नी डोमेनिका यांना आठ अपत्ये झाली; पण त्यांतून वाचला एकटा दानिएले. त्याचा जन्म १५ मार्च १८३१ रोजी झाला.

घरची गरिबी होती. वेरोना शहरात मात्सा नावाचे एक धर्मगुरू गरीब मुलांसाठी विद्यालय चालवीत. दानिएले तेथे शिकला आणि १८५४ साली कॅथलिक धर्मगुरू झाला. आफ्रिकेहून परतलेल्या मिशनऱ्यांच्या हकिकती त्याने विद्यार्थिदशेतच ऐकल्या होत्या. आपणही तिकडेच जावे, असे त्याला वाटे. पण म्हातारपणी आईवडिलांना आधार कोणाचा? या विचाराने त्याला रात्र रात्र झोप येत नसे. अखेर आईवडिलांनी निरोप दिला आणि १८५७ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कोंबोनी पाच सोबत्यांसह निघाले.

इजिप्तमध्ये नाईल नदीतून नौकेने ते कोरोस्को या गावी पोहोचले. (हे जुने गाव आता आस्वानच्या मोठ्या धरणाच्या जलाशयाखाली गेले आहे.) कोरोस्कोच्या पुढे नाईल पश्चिमेकडे प्रचंड वळसा घेते आणि वाटेत खडकाळ धबधबे लागतात. म्हणून प्रवासी नदी सोडून उंटांवरून सरळ वाळवंटात शिरत. आठवड्याहून अधिक दिवसांची ती वाट! पाणी कातड्याच्या पखालींत भरून न्यावे लागे. रोज ऊन सोसून ते थोडे थोडे आटत जाई.

या वाटेवर साधारण मध्यावर मुरातच्या विहिरी होत्या. अरबी भाषेत कडू या अर्थी मुर्र असा शब्द आहे, यावरून तेथील पाण्याची चव तुमच्या ध्यानात येईल. तरीही तांडे तेथे थांबत. उंटांच्या पाठीवरचे ओझे उतरे, ती जनावरे पोटभर पाणी पीत, आणि माणसे सावली शोधून अंग टाकीत. विश्रांती म्हणावी, तर ती एवढीच. आपण प्रवासात विश्रांतीचा दिवस म्हटला की हिरवळ आणि फराळ डोळ्यांपुढे आणतो; वाळवंटात तो दिवस उंटांसाठी असे. उंट थकला, तर माणसाचा प्रवास कायमचा थांबे.

वाळवंट ओलांडून ८ जानेवारी १८५८ रोजी मंडळी खार्टूमला पोहोचली. तेथून मिशनच्या शिडाच्या नौकेने पांढऱ्या नाईलमधून दक्षिणेकडे जात जात ती फेब्रुवारीत होली क्रॉस या केंद्रावर आली. हा प्रदेश आज दक्षिण सुदान देशात आहे. तेथे गुरे पाळणारे दिंका लोक राहत. त्यांचा स्वतःचा देव होता, स्वतःची गाणी होती; परक्यांच्या धर्माची वाट पाहत ते बसले नव्हते. कोंबोनी आणि त्यांचे सोबती प्रथम त्यांची भाषा शिकू लागले. शब्द ऐकावा, लिहून ठेवावा, पुन्हा विचारावा, असा क्रम चाले.

परंतु लवकरच तापाने सर्वांना गाठले. आता विश्रांतीचे दिवस पुष्कळ आले, पण ते कोणालाच नको होते. २६ मार्च रोजी सोबती ओलिबोनी यांचा अंत झाला. मरताना त्यांनी इतरांना बजावले, की तुमच्यापैकी एकच जण उरला तरी त्याने हे काम सोडू नये. जुलैमध्ये इकडे लिमोनेत डोमेनिकाबाई वारल्या. आई गेल्याची वार्ता मुलाला कळण्यास काही महिने लागले. ज्या भीतीने घर सोडताना त्यांचा पाय अडखळला होता, ती अशी खरी ठरली. १८५९ साली, प्रकृती पार ढासळल्याने, कोंबोनींना इटलीला परतावे लागले.

अंथरुणावरचा हा काळ मात्र वाया गेला नाही, असे मला वाटते. युरोपातून माणसे आणावीत आणि ती तापाने मरावीत, हे किती दिवस चालणार? १८६४ साली त्यांनी एक योजना मांडली: जेथे दोघेही सुखरूप राहू शकतील अशा जागी आफ्रिकी मुलामुलींना शिकवावे आणि त्यांनीच पुढे आपल्या देशबांधवांचे शिक्षक, कारागीर व धर्मोपदेशक व्हावे. आफ्रिकी लोकांच्या कर्तृत्वावर इतका भरवसा ठेवणारे युरोपीय त्या काळी थोडेच होते. १८६७ साली त्यांनी वेरोनात मिशनऱ्यांची संस्था स्थापिली आणि त्याच वर्षी कैरो येथे शाळांचे काम सुरू झाले. १८७२ साली स्त्रियांसाठी निराळी संस्था निघाली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ते सतत झगडत राहिले. सुटका झालेल्या गुलामांसाठी एल ओबेदजवळ माल्बेस येथे शेतीची वसाहत उभी राहिली.

१८७७ साली ते मध्य आफ्रिकेचे बिशप झाले. त्याच सुमारास तेथे भयंकर दुष्काळ आणि रोगराई आली. सहकारी एकामागून एक गेले. १० ऑक्टोबर १८८१ रोजी खार्टूम येथे, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, कोंबोनींनी देह ठेवला. ज्या तापाने तरुणपणी त्यांना माघारी धाडले होते, तसाच ताप शेवटी त्यांना घेऊन गेला.